रंगांधळा? जरा थांबा

खानापूर तालुक्यात माझ्या मामाची काजूची झाडं आहेत. लहानपणी सुट्टीत आम्ही सगळी भावंडं बोंडं गोळा करायला जायचो. बाकीच्यांच्या बुट्ट्या भरायच्या, माझी अर्धीच. "अरे, डोळ्यासमोर लालभडक बोंड लोंबतंय की, दिसत नाही होय?" मामी म्हणायची. दिसायचं, पण पानांतून उठून दिसायचं नाही. बारावीच्या प्रॅक्टिकलला कॅल्शियमची विटकरी ज्योत आणि बेरियमची हिरवी ज्योत मला सारखीच वाटली. अभ्यास केला नाही म्हणून बोलणी खाल्ली. मग डॉक्टरांनी ठिपक्यांच्या चित्रातला आकडा विचारला, आणि 'रंगांधळा' हा शब्द मला चिकटला तो कायमचा.

या शब्दाबद्दल माझी तक्रार आहे. त्यासाठी थोडं विज्ञान सोसा.

डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींत ऑप्सिन नावाची प्रथिनं असतात. प्रत्येक ऑप्सिनच्या पोटात 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेला एक रेणू बसलेला असतो, रेटिनल. अंधारात तो वाकून असतो. प्रकाशाचा कण पडला की सरळ होतो, त्या धक्क्यानं प्रथिनाचा आकार बदलतो आणि निरोप पुढे जातो. माशी, बेडूक, घार, आपण, सगळ्यांची मूळ युक्ती हीच. फरक आहे तो रंगांसाठी किती जातींची ऑप्सिनं, यात. बहुतेक पक्ष्यांकडे चार. कुत्रा, गाय, बैल यांच्याकडे दोन. (तेव्हा लाल कापड बघून बैल उधळतो ही गोष्ट सोडून द्या. तो कापडाच्या हालचालीला भुलतो.)

आपल्या पूर्वजांकडेही दोनच होती. साधारण तीन ते चार कोटी वर्षांपूर्वी आशिया-आफ्रिकेतल्या माकडांच्या पूर्वजांत एक्स गुणसूत्रावरच्या एका ऑप्सिनच्या जनुकाची जादा प्रत निघाली. नक्कल करताना झालेली चूकच ती. पुढे दोन प्रतींत थोडे बदल झाले, आणि लाल नि हिरवं वेगळं दिसू लागलं. हिरव्या पानांत पिकलेलं फळ शोधायला हे उपयोगी पडलं असावं, असं बऱ्याच शास्त्रज्ञांचं मत आहे. मामीची बुट्टी भरते ती या चुकीच्या जोरावर!

आता गंमत बघा. ही दोन जनुकं अजून शेजारी शेजारीच आहेत आणि त्यांची प्रथिनं सुमारे ९६ टक्के सारखी. इतकी सारखी की अंडपेशी तयार होताना जुळवणीत घोटाळा होतो आणि एखाद्या एक्सवर एक प्रत कमी पडते. मुलीकडे दुसरा एक्स असतो, तो सांभाळून घेतो. मुलाकडे एकच. म्हणून युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास आहे, तर बायकांत अर्धा टक्का.

अणुसिद्धांतवाले जॉन डाल्टन याच गोतातले. १७९४ मध्ये त्यांनी स्वतःच्या दृष्टीवर निबंध वाचला. डोळ्यातला द्रव निळसर असावा, असा त्यांचा कयास. मेल्यावर तपासा, असं सांगून ठेवलं होतं. १८४४ मध्ये तपासलं, तर द्रव स्वच्छ! पण डोळा जपून ठेवला गेला, आणि १९९५ मध्ये त्यातल्या डीएनएनं सांगितलं की हिरव्या ऑप्सिनचं जनुकच नव्हतं.

मग याला आंधळेपण का म्हणायचं? मध्य अमेरिकेतल्या कॅपुचिन माकडांत दोन ऑप्सिनवाली आणि तीनवाली एकाच कळपात असतात. पानाफांद्यांत दडलेले किडे पकडण्यात दोनवाली सरस ठरल्याचं आढळलं आहे. फार बढाई मारत नाही, काजूच्या झाडाखाली मी हरतोच. पण हा वेगळा डोळा आहे, मिटलेला नव्हे.

एक मैत्रीण म्हणाली, "शब्द बदलून काय होतंय?" वाङ्मय मंडळातल्या माणसानं हे विचारावं, म्हणजे कमाल आहे. 'आंधळा' म्हटलं की समोरचा दोनच गोष्टी करतो: कीव करतो, नाहीतर हातातला पेन दाखवून "हा कुठला रंग, सांग" विचारतो. आलेखातल्या रेघा बदलाव्यात, हे कुणाला सुचत नाही. लाल आणि हिरव्या रेघांऐवजी एक सलग, एक तुटक काढायला कितीसा वेळ लागतो? प्रयोगशाळेतल्या बाटलीवर रंगीत पट्टीबरोबर नाव लिहायला?

पर्यायी शब्द मात्र मला अजून सापडलेला नाही. 'दुरंगी' म्हणावं, तर मराठीत त्याचा अर्थ भलताच होतो. कुणाला सुचला तर पुढच्या अंकासाठी पाठवा.