रायगडच्या इतिहासात हबशी केवळ शत्रूच का?

१/ रायगड किल्ला महाड तालुक्यात आहे. मोगलांनी जिंकल्यावर पुढे तो जंजिऱ्याच्या सिद्दीकडे गेला. १७३३ मध्ये मराठ्यांनी परत घेतला. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतले, म्हणून त्यांना हबशी म्हणत. आपल्या इतिहासकथनात त्यांच्या वाट्याला बहुधा शत्रूचीच भूमिका येते.

२/ ही ओळख अपुरी आहे. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. मोगलांची रसद तोडणे, पिछाडीवर छापे घालणे ही युद्धपद्धती त्याने मराठा घोडदळाच्या बळावर राबवली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले.

३/ १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर सर्वांना ठाऊक असतो. शिवाजी महाराजांच्या बाजूने लढलेला सिद्दी हिलाल मात्र विस्मरणात जातो.

४/ महाडची औद्योगिक वसाहत रासायनिक कारखान्यांसाठी ओळखली जाते. अशा कारखान्याचे प्रशिक्षण आभासी वास्तवात, म्हणजे व्हीआरमध्ये, द्यायचे तर एकही व्हॉल्व्ह चुकीच्या जागी दाखवून चालत नाही. उद्या त्याच तंत्राने कुणी रायगड उभा करील, पोलादपूरजवळच्या उमरठचे तानाजी मालुसरे उभे करील. तेव्हा इतिहासालाही तीच शिस्त लागू व्हावी.

५/ त्या दृश्यातला हबशी योद्धा केवळ मरून पडण्यापुरता नसावा. त्याला नाव, निष्ठा आणि युद्धकौशल्य असावे. सिद्दी हिलालला त्याची जागा दिल्याने स्वराज्याचा गौरव उणावत नाही; त्याची कथा अधिक खरी होते.