वर्गणीची फेरी

श्रावण सरत आला की शहरांतील आळी-आळींतून, चाळी-चाळींतून चार-पाच मुलांचे एक टोळके दिवेलागणीस बाहेर पडू लागे. एकाच्या हाती पावतीपुस्तक, दुसऱ्याच्या खिशाला पेन, तिसऱ्याजवळ पैशांचा पत्र्याचा डबा, आणि उरलेले केवळ दारे वाजविण्याच्या हौसेने आलेले. सार्वजनिक गणेशोत्सवाचा खरा प्रारंभ चतुर्थीस न होता या फेरीपासून होतो, असे आमचे मत आहे. ही फेरी आता ठिकठिकाणी बंद पडत चालली आहे आणि तिच्यासाठी हळहळणारा कोणी दिसत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

उत्सवाचा इतिहास भाविक वाचकांस नव्याने सांगावयास नको. १८९३ साली गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत गणपती बसला; १८९४ साली लोकमान्यांनी पुण्यास विंचूरकर वाड्यात उत्सव मांडला; आणि २०२५ साली महाराष्ट्र शासनाने या उत्सवास राज्य महोत्सवाचा मान दिला. एवढ्या अवधीत मूर्ती वाढली, मांडव वाढला, आवाजाचे तर विचारूच नये. त्या आवाजावर आम्ही कीर्तनकार मंडळींनी दरसाल यथेच्छ तोंडसुख घेतले आहे. आज तो विषय नाही.

विषय आहे मंडळ या वस्तूचा. उत्सव फार तर अकरा दिवसांचा. मंडळ बारा महिन्यांचे. मग त्याचे काम कोणते? आमच्या शास्त्राभ्यासाची सवय अशी की अडले म्हणजे शब्दाकडे जावे. गणपती म्हणजे गणांचा पती हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ‘गण्’ या धातूचा अर्थ मोजणे असा आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. गण म्हणजे ज्याची मोजदाद झाली आहे तो समुदाय. रस्त्यावरची गर्दी कितीही लोटली तरी ती गण होत नाही. आपल्या आळीत कोण राहते, कोण आजारी आहे, कोण परगावी गेले, कोणाचे कोणी उरले नाही, हे ज्यास ठाऊक त्याच मंडळास या देवतेचा उत्सव मांडण्याचा अधिकार पोचतो. आणि ही मोजदाद वर्गणीच्या फेरीवाचून दुसऱ्या कशाने होत होती?

१९८२ सालची गोष्ट सांगतो. गिरणी कामगारांच्या संपास सात महिने होऊन गेले होते, दोन लाखांहून अधिक कामगार घरी बसले होते. आम्ही तेव्हा तेविशीत, गुरुजींच्या मागे झांज धरावयास परळ भागातील एका चाळीत गेलो होतो. यंदा फेरी काढावी की नाही, यावर तेथे आधी मोठा खल झाला होता. घरात दाणा नाही तेथे पावतीपुस्तक घेऊन कोणत्या तोंडाने उभे राहावे, असे तरुणांचे म्हणणे. चाळीतील एक वृद्ध जॉबर म्हणाले, “फेरी काढा. पैसे मागू नका.” त्याप्रमाणे मुले प्रत्येक दारी गेली, पावतीवर नाव लिहिले आणि आकड्याच्या जागी रेघ ओढली. त्या फेरीत कळले की तिसऱ्या मजल्यावरील एका बिऱ्हाडात दोन दिवस चूल पेटलेली नाही. आणखी एकीकडे ओली बाळंतीण एकटी आहे, घरधनी कामाच्या शोधात कोकणात गेलेला. वाण्याशी बोलणे झाले, शिधा पोचला, चाळीतल्या दोन बायका पाळीपाळीने बाळंतिणीकडे निजावयास जाऊ लागल्या. त्या वर्षी मूर्ती हातभर उंचीची होती आणि सजावट पताकांची. आमच्या गुरुजींनी बिदागी म्हणून नारळ तेवढा घेतला.

ही रीत त्या जॉबरांनी शोधून काढलेली नव्हे. व्रतस्थ ब्रह्मचाऱ्याने भिक्षेवर राहावे, परंतु नित्य एकाच घरचे अन्न खाऊ नये, असा दंडक मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. समर्थांनी तर दासबोधात भिक्षेचे निमित्त करून गावोगावची घरे पाहावीत, लहानथोर माणसे पारखावीत, असा स्पष्ट उपदेश केला आहे. आमच्या गुरुजींनी वाईस वार लावून अध्ययन केले. सात वार, सात घरे. त्यांना प्रत्येक घरचे दुखणे, सासुरवास, कर्ज, सर्व ठाऊक असे. कीर्तनात संसाराचा दृष्टान्त देताना त्यांचा आवाज का भरून येई, त्याचे कारण आम्हांस त्या सात घरांत सापडते.

आता आजचे पाहू. एका बांधकाम व्यावसायिकास नाहीतर एखाद्या पुढाऱ्यास प्रवेशाची कमान विकली की हजार दारांचे काम एका दारात भागते. उरलेल्यांसाठी मांडवाच्या खांबावर तो क्यूआर कोडचा चौकोन चिकटविलेला असतो. पैसा पूर्वीपेक्षा अधिक येतो, यात शंका नाही; माणसाचे तोंड मात्र दिसत नाही. मुंबईतील एका मंडळाच्या आवारात जुन्या चाळी जाऊन तेथे उंच इमारत उभी राहिली आहे. पहारेकरी मुलांस फाटकाशीच थांबवितो आणि सोसायटीच्या कार्यालयातून सर्व सदनिकांच्या वतीने एकच धनादेश येतो. पूर्वी पंधरा दिवस लागत, आता तासाभरात काम होते, असे कार्याध्यक्षांनी आम्हांस कौतुकाने सांगितले. तुमच्या आवारात ऐंशीच्या पुढची, एकटी राहणारी माणसे किती, असे आम्ही विचारले. गृहस्थ सज्जन आहेत. प्रश्नाने ते गडबडले. त्याच इमारतीत एक निवृत्त शिक्षक राहत. मंडळाची घटना त्यांनीच लिहिलेली, मूळ प्रत त्यांच्याच हस्ताक्षरात. उत्सवाच्या पाचव्या दिवशी ते गेले, आणि सातव्या दिवशी शेजाऱ्यांस कळले. खाली दोन्ही वेळ आरती चालू होती.

यावर कोणी म्हणेल की शास्त्रीबुवा, फेरीच्या नावाखाली खंडणी चालते तिचे काय? चालते, आणि ती आम्ही पाहिली आहे. दुकानदाराच्या गल्ल्याशी दहाजणांनी उभे राहून आकडा सांगणे यास वर्गणी म्हणणे हा भाषेवरही अत्याचार आहे. त्यास कायदा समर्थ आहे; धर्मादाय कार्यालयाची परवानगी आणि पावती मागण्याचा प्रत्येकास अधिकार आहे, तो बजावावा. परंतु गुंडांनी भिक्षापात्र हाती घेतले म्हणून भिक्षाधर्म टाकून द्यावयाचा की गुंडांच्या हातून ते पात्र काढून घ्यावयाचे? २०२० साली महासाथीत सार्वजनिक मूर्तींस चार फुटांची मर्यादा आली, लालबागच्या मंडळाने तर मूर्ती न बसविता रक्तदानाचा आरोग्योत्सव केला. मंडळांस अशी बुद्धी होते, हे आम्ही आदराने नमूद करतो. बुद्धी आहे, पायऱ्या चढण्याचा तेवढा आळस आला आहे.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. वर्गणी सर्वांस सारखी आणि थोडी असावी. एकवीस रुपये पुष्कळ झाले. अधिक द्यावयाचे असेल त्याने देवापुढील पेटीत गुपचूप टाकावे. भाडेकरूचे दार, परधर्मीयाचे दार, वसतिगृहातील विद्यार्थ्यांची खोली, काहीही वगळू नये. नको म्हणणाऱ्यास नमस्कार करून पुढे जावे, पण नाव वहीत असावे. आणि अनंत चतुर्दशी झाल्यावर आठवड्याच्या आत प्रसाद आणि जमाखर्चाचा कागद घेऊन तीच मुले त्याच दारी पुन्हा जावीत. पितृपक्षात कशाला, अशी शंका काहींस येईल. हिशेब देण्यास मुहूर्त पाहावा लागतो असे आमच्या वाचनात नाही.

घरच्या मंडळींसही दोन शब्द. मुले आली तर साखळी अडकवून दाराच्या फटीतून नोट पुढे करू नये. आत बसवावे, पाणी द्यावे, कोणाचा कोण म्हणून विचारावे. आणि पावतीवर नाव कोणाचे, असे मुलांनी विचारले म्हणजे घरातील सर्वांत वडील माणसाचे सांगावे, आजी असेल तर आजीचे. आणि ती आतल्या खोलीत असेल तर तिला बाहेर बोलवावे.