शपथपत्र टपरीवरही वाचता येते



‘उमेदवारांची माहिती ऑनलाइन टाकून खेड्यातल्या मतदाराला काय उपयोग?’ असे गेल्या अंकातील पत्रलेखक विचारतात. ही माहिती कुणी आपणहून दिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३च्या निकालांमुळे ती मिळाली. १३ मे २०२४च्या लोकसभा मतदानाआधी आम्ही चहाच्या टपरीवर शिरूरच्या दोन प्रमुख उमेदवारांची, अमोल कोल्हे आणि शिवाजीराव आढळराव पाटील यांची, शपथपत्रे मोबाइलवर मोठ्याने वाचली. मालमत्ता, कर्ज, खटले, सगळे. (जाहीर सभेपेक्षा करमणूक जास्त झाली.)

एक मात्र मान्य: आकडे उमेदवारच भरतो, निवडणूक अधिकारी त्यांची शहानिशा करत नाही. म्हणूनच ‘मायनेता’ या संकेतस्थळावर मागच्या निवडणुकीचे शपथपत्र शेजारी ठेवून पाहावे.

खरी अडचण वेगळीच. सणसवाडीच्या कारखान्यांतल्या अनेक कामगारांची नावे अजून गावाकडच्या मतदारयादीत आहेत. नाव इकडच्या यादीत आणण्यासाठीचा नमुना ८ही मोबाइलवरच भरता येतो.

– एक मतदार, कोरेगाव भीमा (ता. शिरूर, जि. पुणे)