कागद कुणाच्या पेटीत?

‘सावकार’ हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चित्रपटातला एक ठरावीक माणूस उभा राहतो. जाकिटाला सोन्याची साखळी, पुढ्यात उतरते मेज, शेजारी लोखंडी तिजोरी. बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला तो १९२५ साली. म्हणजे आता शंभर वर्षे झाली. एवढ्या काळात त्या माणसाने जाकीट केव्हाच उतरवून ठेवले आहे, हे मात्र आपल्या ध्यानात आलेले दिसत नाही. आमच्या लोणी देवकरला तो पांढरा शर्ट घालतो, मोटारसायकलवरून येतो, लग्नाकार्यात वाढायला उभा राहतो आणि मयतीला सर्वांत आधी पोचतो. त्याच्याकडे दुकान नाही, पाटी नाही, वही नाही. मित्रहो, त्याची ती नसलेली वही हाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो. मी बारावीला असताना वडिलांच्या पोटात रात्री दुखू लागले. पहाटे तालुक्याच्या गावी नेले, तर डॉक्टरांनी तातडीने ऑपरेशन सांगितले. घरात रोकड नव्हती. ऊस उभा होता, पण उभ्या उसावर दवाखाना पैसे घेत नाही. आजीने गळ्यातली बोरमाळ काढून माझ्या हातात दिली आणि मला एका परवानेधारक सोनाराकडे पाठवले. त्याने माळ तोलली, वजन लिहिले, तीस हजार रुपये मोजून दिले आणि एक पावती फाडली. पावतीवर वजन, रक्कम, दर, तारीख आणि त्याचा परवाना क्रमांक होता. आठ महिन्यांनी कारखान्याचे बिल आले. वार्षिक पंधरा टक्क्यांप्रमाणे तीन हजार व्याज झाले होते, ते भरून माळ सोडवून आणली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीने ती पावती एवढे दिवस चहाच्या डब्यात तांदळाखाली ठेवली होती. माझ्या हाती तिने ती दिली ती माळ आणायला निघालो त्या सकाळी.

आता दुसरी गोष्ट. हीही आमच्याच घरची, पण ती आमच्याकडे मोठ्याने कुणी बोलत नाही. २०१२ च्या दुष्काळात नानांनी, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांनी, बोअर घेण्यासाठी दोन लाख रुपये उचलले. शेकडा तीन. हा दर ऐकायला किती गरीब वाटतो! शंभराला तीन. पण तो महिन्याचा असतो, म्हणजे वर्षाचे छत्तीस टक्के झाले. बोअरला पाणी लागले नाही. दरमहा सहा हजारांप्रमाणे नानांनी चार वर्षे व्याज भरले. गणित कच्चे असलेल्यांसाठी सांगतो, ही रक्कम दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार होते, आणि मुद्दल होते तिथेच राहते. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली तारण घेऊन दिलेल्या शेतीकर्जाला वार्षिक नऊ टक्क्यांचा दर ठरला आहे. त्याप्रमाणे हेच व्याज चार वर्षांचे बहात्तर हजार झाले असते.

परंतु माझी खरी तक्रार व्याजाबद्दल नाही. पैसे घेताना नानांनी रस्त्यालगतच्या एका एकराचे खरेदीखत करून दिले. गहाणखत नव्हे, खरेदीखत. “पैसं फिटलं की माघारी फिरवून देतो,” असे तोंडी ठरले. त्या दिवशी आजीने एकच प्रश्न विचारला होता, “पावती कुठंय?” नाना म्हणाले, “आये, घरचा माणूस हाय, त्याला पावती काय मागायची?” आज त्या एकराच्या सातबाऱ्यावर घरच्या माणसाचे नाव आहे. आमच्या शिवारात एमआयडीसी असल्याने रस्त्याकडेच्या रानाला काय भाव आला आहे, तो मी इथे लिहीत नाही. त्याला व्याज हवेच नव्हते, रान हवे होते, हे आम्हांला चार वर्षांनी कळले.

आमच्या भागाला हा कागदाचा प्रश्न नवा नाही. इंदापूर तालुका जमीनधाऱ्याच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. मुंबई इलाख्यातली नवी मोजणी आणि तीस वर्षांची धारेबंदी पहिल्यांदा लागू झाली ती इथेच, १८३६ साली. ती संपल्यावर १८६७ मध्ये सरकारने इथला धारा निम्म्याहून अधिक वाढवला. त्याच सुमारास अमेरिकेतले यादवी युद्ध संपून कापसाची तेजी ओसरली होती. धारा रोख भरायचा, आणि रोख फक्त सावकाराकडे. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती. हेतू कर्जदाराचे रक्षण हा होता. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची रीत पडली. अंगठा उठवणाऱ्याला आपण कशावर उठवतो हे वाचता येत नव्हते, आणि दिवाणी न्यायालय रोख्यावर जे लिहिले आहे तेवढेच खरे मानीत होते.

मग १२ मे १८७५ रोजी सुप्याला उद्रेक झाला. सुपे आपल्या शेजारचे, आजच्या बारामती तालुक्यातले. भोवतालच्या गावांतले शेतकरी बाजारपेठेत जमले आणि त्यांनी सावकारांकडे काय मागितले? वह्या आणि रोखे! धान्याची दुकाने लुटली गेली, घरेही जळाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु पुढे पुणे व नगर जिल्ह्यांत जे दंगे पसरले त्यांत गावोगाव मुख्य मागणी कागदांचीच होती, आणि होळी झाली तीही कागदांचीच. पाठ्यपुस्तकात या घटनेला ‘दख्खनचे दंगे’ असे चार ओळींचे स्थान असते. आम्ही ते पाच गुणांसाठी पाठ करतो, आणि सुप्यावरून एसटी जाते तेव्हा खिडकीतून बाहेरही पाहत नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये पुणे, नगर, सोलापूर व सातारा या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला. त्यातले मर्म मला फार महत्त्वाचे वाटते. न्यायाधीशाने रोख्यावरची रक्कम पाहून थांबू नये, व्यवहाराच्या मुळापर्यंत जावे. कर्जाचा दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावा. कर्जदाराला पावती मिळावी. कर्जापायी शेतकऱ्याला कैद होऊ नये. पुढे त्यात अशीही सोय झाली की, दस्त जरी विक्रीचा दिसला तरी तो खरोखर गहाणाचा होता की काय, हे न्यायालयाने तपासावे. म्हणजे नानांच्या एकराची युक्ती आमच्या पणजोबांच्या काळीही चालत होती! चार वर्षांनी, १८८३ मध्ये, महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, आणि त्यात शेतकरी कोणाकोणाच्या लेखणीखाली भरडला जातो ते सांगितले.

तो कायदा आज नाही. पुढे १९४६ चा मुंबई सावकारी कायदा आला आणि आता २०१४ चा महाराष्ट्राचा कायदा आहे. या कायद्याने परवान्याविना सावकारी हा गुन्हा ठरवला असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सावकाराने हिशेब ठेवला पाहिजे, पावती दिली पाहिजे, चक्रवाढ व्याज घेता कामा नये. कायदा वाचताना मला गंमत वाटली. १८७५ च्या शेतकऱ्याला कागदाचा जाच होता म्हणून त्याने तो जाळला. आजच्या कर्जदाराला कागद हवा आहे आणि तो मिळत नाही. सावकार शहाणा झाला, त्याने वहीच बंद केली. त्याच्या पेटीत आता कोरे धनादेश, सही केलेले मुद्रांक आणि खरेदीखते असतात, म्हणजे कर्जदाराने दिलेले कागद. कर्जदाराच्या पेटीत काही नसते.

इथे कुणी म्हणेल, मग लोक त्याच्याकडे जातात तरी का? सोसायटी आहे, जिल्हा बँक आहे, वेळेवर परतफेड केली तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर शेतकऱ्याला व्याज पडत नाही. हे सगळे खरे आहे. परंतु पीककर्ज पिकाला मिळते. मुलीच्या लग्नाला, बाळंतपणाला, रात्रीच्या ऑपरेशनला ते मिळत नाही. जमीन आजोबांच्या नावावर असली आणि पैसे नातवाला हवे असले तर मिळत नाही. एकदा थकबाकीदार झाला की मिळत नाही. सावकार रात्री दहाला देतो आणि ‘कशाला हवेत’ असे विचारत नाही. शिवाय, सोसायटीत कर्ज मागितले की ते गावाला कळते, सावकाराकडचे कळत नाही, निदान सुरुवातीला. इज्जतीला जपणारा माणूस या एका कारणासाठी छत्तीस टक्के मोजतो. आमचे अर्थशास्त्राचे पुस्तक व्याजाच्या दराची चार प्रमेये शिकवते, लाजेची किंमत किती धरायची ते शिकवत नाही.

म्हणून गहाणाच्या दुकानाबद्दल माझे मत आपल्याकडच्या रूढ मतापेक्षा वेगळे आहे. दागिना गहाण ठेवणे म्हणजे घराण्याची नामुष्की, असे आपण मानतो. बाईने पदराआड दागिना लपवून न्यायचा, गळ्यात खोटी माळ घालायची आणि हळदीकुंकवाला सबबी सांगायच्या. वास्तविक या सर्व व्यवहारांत तोच अधिक सरळ आहे. दागिना बुडाला तर दागिनाच बुडतो, रान जात नाही. आता हमरस्त्यावर सोनेतारणाच्या पाट्या झळकत असतात. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली काढलेल्या नियमांनी अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची मुभा दिली आहे. यातही धोके आहेत. लिलावाची नोटीस कुणाच्या नावे येते? सही घरातल्या पुरुषाची असते आणि दागिना बाईचा. तिचे स्त्रीधन असून ते सोडवायचे की नाही, हे ठरवताना तिला कुणी विचारत नाही. आजीने पावती स्वतःच्या डब्यात का ठेवली, याचा मी पुष्कळ दिवसांनी उलगडा करून घेतला.

आणि आपण विद्यार्थी? आपण स्वतःला सावकारापासून सुरक्षित समजतो. माझ्या वर्गातल्या एकाने मोबाईलवरच्या ॲपमधून पाच हजार घेतले होते. त्याने तारण काय ठेवले? मोबाईलमधले आपले सगळे नंबर! हप्ता चुकताच त्याच्या मामांना, सरांना, भावी सासुरवाडीला फोन गेले. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच असे नंबर घेण्यास मनाई केली आहे, पण मनाई वाचतो कोण? तेही लाजेवर चालणारे दुकान, फक्त पाटी काचेची.

आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी कुठल्या तरी गावी जाते. आम्ही तिथे खड्डे खणतो, त्यातले काही आधीच्या वर्षीचेच असतात. (प्राध्यापक महोदयांनी क्षमा करावी.) एक दिवस खोरी बाजूला ठेवून गावकऱ्यांचे कागद वाचून द्यावेत, अशी माझी सूचना आहे. मुदतखरेदी आणि कायम खरेदी यांतला फरक, परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर तो गहाण मानला जात नाही ही गोष्ट, हे आमच्या वर्गातल्या किती जणांना ठाऊक आहे? मला स्वतःला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते.

२०१४ च्या कायद्यात एक कलम आहे. सावकारीच्या व्यवहारात तारण म्हणून घेतलेली जमीन, मग ती खरेदीखताने का घेतलेली असेना, अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांतली असेल तर जिल्हा निबंधकाला चौकशी करून ती परत देववता येते. नानांचे खरेदीखत नोव्हेंबर २०१२ चे आहे. पंधरा वर्षे २०२७ च्या नोव्हेंबरात पुरी होतात. मी अर्ज लिहून ठेवला आहे. नाना तो दोनदा वाचून घडी घालून परत देतात. म्हणतात, “आरं, गावात ऱ्हायचंय आपल्याला. आन् साक्ष कोण देईल?” साक्ष द्यायला आजी तयार आहे. तिचे वय एक्क्याऐंशी आहे. अर्ज तूर्त तिच्या चहाच्या डब्यात, तांदळाखाली आहे.