टोलचा रस्ता भाड्याने देणं: भाड्यापेक्षा करार बघा



वाहतूक खर्चावरच्या व्हिडिओत एक विषय घाईत सुटला. सरकारने बांधलेले टोलचे रस्ते खासगी कंपन्यांना वर्षानुवर्षांच्या भाडेपट्ट्यावर द्यावेत का? चहाच्या टपरीवर याची दोनच उत्तरं ऐकू येतात. एक, ‘सरकार देश विकतंय’. दुसरं, ‘सरकारला धंदा जमत नाही, खासगीला देऊन टाका’. मला दोन्ही पटत नाहीत. हा व्यवहार आहे आणि व्यवहार करारावर चांगला किंवा वाईट ठरतो. तुम्ही उद्या स्वतःचा गाळा भाड्याने देणार किंवा घेणार असाल, तर रस्त्यांच्या या करारांतून बरंच शिकण्यासारखं आहे.

समजा बोईसरला स्टेशनजवळ तुमचा एक गाळा आहे. तुम्ही तो तीन प्रकारे देऊ शकता. दर महिन्याला ठरलेलं भाडं घ्या. नाहीतर दहा-पंधरा वर्षांचे पैसे आजच एकरकमी घ्या आणि किल्ली देऊन मोकळे व्हा. किंवा मॉलवाले करतात तसं, गल्ल्यातला टक्का घ्या. गाळा तोच, दुकानदार तोच, पण पाच वर्षांनी तुमची अवस्था तीन प्रकारांत तीन वेगळ्या असतील.

आता आपल्या रोजच्या रस्त्यावर या. तारापूर एमआयडीसीतून माल घेऊन चिल्हार फाट्याला हायवे गाठला आणि मुंबईकडे निघालात, तर मनोर सोडल्यावर खानिवडे टोल नाका लागतो. गुजरातकडे वळलात तर चारोटी. मुंबईच्या तोंडावर दहिसर नाका. आपल्यासाठी हा एकाच प्रवासाचा खर्च, पण त्यामागे दोन अगदी वेगळे करार होते.

दहिसर ते सुरत हा सुमारे २३९ किलोमीटरचा पट्टा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने, म्हणजे एनएचएआयने, २००९ साली सहापदरीकरणासाठी आयआरबीच्या कंपनीला दिला. मुदत १२ वर्षं. हा टक्केवारीचा करार होता. पहिल्या वर्षी टोलच्या उत्पन्नातला ३८ टक्के वाटा प्राधिकरणाचा आणि पुढे दरवर्षी त्यात एक टक्क्याची वाढ. गाड्या वाढल्या की ठेकेदाराचे पैसे वाढणार, सरकारचेही वाढणार. मुदत संपल्यावर रस्ता प्राधिकरणाकडे परत आला.

दहिसर नाक्याचा करार एकरकमी. मुंबईच्या वेशीवरचे पाच नाके, म्हणजे दहिसर, वाशी, ऐरोली आणि मुलुंडचे दोन, एमएसआरडीसीने २०१० साली १६ वर्षांसाठी एमईपीच्या कंपनीला दिले आणि २,१०० कोटी रुपये आधीच घेतले. पैसे घेतले त्या दिवशी छान वाटलं असणार. एकरकमी पैसे घेताना सगळ्यांनाच छान वाटतं!

पुढे काय झालं बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, सरकारने या पाच नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ केला. लोक खूश. पण तो टोल सरकारने आधीच विकला होता. मुदत शिल्लक असताना माफी द्यायची तर ठेकेदाराला भरपाई द्यावी लागते, रोख किंवा मुदत वाढवून. म्हणजे गाळ्याचे १६ वर्षांचे पैसे घेतले आणि चौदाव्या वर्षी मालक म्हणाला, ‘आता दुकानात माझ्या पाहुण्यांना माल फुकट द्या.’ दुकानदार बिल मालकाच्याच नावावर फाडणार ना? ते बिल तुमच्या-माझ्या करातून जातं. नाक्यावर दिसत नाही एवढंच.

कोल्हापुरात हेच आणखी कडवटपणे घडलं. शहरातल्या रस्त्यांची कामं करून त्या बदल्यात ३० वर्षं टोल घ्यायचा, असा तो करार होता. लोक अनेक वर्षं रस्त्यावर उतरले. शेवटी टोल रद्द झाला आणि कंपनीचे पैसे सरकारच्या तिजोरीतून भागवावे लागले. आंदोलन जिंकलं, पण सही आधीच झालेली होती.

म्हणून माझं मत असं: रस्ता भाड्याने द्यायला हरकत नाही, पण लांब मुदत आणि एकरकमी पैसे ही जोडी टाळावी. आपलं मत बदलण्याचा हक्कही सरकार त्या पैशात विकून टाकतं. टक्केवारीत मालक भागीदार म्हणून राहतो. अंदाज चुकला तर दोघांचं थोडं थोडं चुकतं.

‘पण सरकारला आज पैसे मिळतात, त्यातून नवीन रस्ते होतात.’ हा मुद्दा खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचंच घ्या. २००४ मध्ये ९१८ कोटी रुपये आगाऊ घेऊन १५ वर्षांसाठी तो आयआरबीकडे गेला. ती मुदत संपल्यावर २०२० मध्ये परत त्याच समूहाला, साधारण दहा वर्षांसाठी, ८,२६२ कोटींना. (दोन्ही आकड्यांचा नुसता भागाकार करून ‘लुटलं’ म्हणू नका. पहिल्या करारात जुन्या महामार्गाचं कामही होतं आणि २००४ साली त्या रस्त्यावर किती गाड्या धावतील हे कोणालाच नीट सांगता येत नव्हतं.) पण शिकण्यासारखी गोष्ट तीच आहे. मालमत्ता नवीन असताना, गिऱ्हाईक किती येणार हे ठाऊक नसताना लांब मुदतीचा सौदा केला, तर भाव अंदाजावर ठरतो. रस्ता चालायला लागल्यावर, दहा वर्षांच्या नोंदी हातात असताना केला, तर भाव आकड्यांवर ठरतो.

दुसरी बाजूही बघा. या ८,२६२ कोटींपैकी ६,५०० कोटी कंपनीने सुरुवातीलाच भरले आणि १ मार्च २०२० पासून वसुली हातात घेतली. तीन आठवड्यांत लॉकडाऊन! रस्ता रिकामा. त्या दिवसांत ज्यांनी दुकानाचं भाडं भरलंय, त्यांना ही पोटातली कळ कळेल. खासगी कंपनी जोखीम घेते, फुकट खात नाही. फक्त त्या जोखमीची किंमत ती बोलीत आधीच लावते.

राष्ट्रीय पातळीवर याला ‘टीओटी’ म्हणतात: टोल घ्या, चालवा, परत द्या. तयार सरकारी रस्ता, एकरकमी पैसे, लांब मुदत. २०१८ मध्ये पहिला गठ्ठा निघाला, आंध्र आणि गुजरातमधले नऊ रस्ते. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वायरीने ९,६८१ कोटी रुपये भरून ते ३० वर्षांसाठी घेतले. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने सहा लाख कोटींची चलनीकरण योजना जाहीर केली, त्यात सगळ्यात मोठा वाटा रस्त्यांचा, १.६ लाख कोटी. मला खटकतात ती ३० वर्षं. आज बोईसरला जन्मलेलं पोर तिशीचं होईपर्यंत त्याच्या रस्त्याचं उत्पन्न कोणीतरी आधीच खर्च केलेलं असेल. आणि आपल्याकडे वाढवण बंदर उभं राहतंय. पुढच्या तीस वर्षांत या पट्ट्यात किती ट्रक धावतील, हे आज कोण लिहून देणार?

अमेरिकेत इंडियाना राज्याने तर २००६ मध्ये आपला टोल रस्ता ७५ वर्षांसाठी ३.८ अब्ज डॉलरला दिला. वाहतूक अंदाजापेक्षा कमी निघाली आणि २०१४ मध्ये भाडेकरू कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. सरकारचे पैसे सुरक्षित राहिले, रस्ताही चालू राहिला, म्हणजे तिथे मालकाचं भलं झालं. नेहमी मालकच फसतो असं नाही.

सगळ्यात धोकादायक कलम मात्र आपल्याच देशातलं आहे, दिल्ली-नोएडा डीएनडी उड्डाणपुलाचं. तिथे कंपनीला एकूण खर्चावर २० टक्के परतावा मिळालाच पाहिजे असं लिहिलं होतं. एखाद्या वर्षी तेवढा नाही मिळाला तर उरलेली रक्कम खर्चात जमा, आणि पुढच्या वर्षी त्यावरही २० टक्के. हिशोब कधी संपणारच नाही! २०१६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने टोल बंद केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. तुमच्या धंद्यात पैसे घालणारा कोणी ‘मला इतका टक्का पक्का, कमी पडला तर पुढे जोडायचा’ म्हणाला, तर वहीत डीएनडी लिहून ठेवा आणि त्याला चहा पाजून नमस्कार करा.

आता ‘खासगीकडे दिलं की रस्ता चांगला राहतो’ हे वाक्य. एक्स्प्रेसवेवर जाऊन आलेला माणूस हो म्हणेल. मनोर-वाडा-भिवंडी रस्त्याने टेम्पो चालवलेल्या माणसाला विचारा. तोही बीओटीवर, खासगी कंपनीकडेच होता. टोल घेतला जायचा आणि खड्ड्यांत गाड्यांचे पाटे तुटायचे. लोकांच्या रेट्याने शेवटी टोल बंद झाला. उलट बाजूही तशीच. आपला हायवे प्राधिकरणाकडे परत आल्यावर दहिसर ते अच्छाड १२१ किलोमीटर काँक्रीटचा थर द्यायचं काम निघालं आणि २०२४ मध्ये वसई-घोडबंदर भागात तासन्‌तास गाड्या अडकल्या. टोल तेव्हाही चालूच होता. ठेकेदार खासगी असो की सरकारी, सेवा बिघडली की टोल आपोआप कमी होईल असं कलम करारात नसेल तर कोणाला घाई असणार? माझी मागणी असेल तर तीच: नाक्यावर दराच्या पाटीशेजारी कराराची मुदत, आजवरची वसुली आणि दुरुस्तीची जबाबदारी कोणाची, हे मराठीत लिहा.

एक गैरसमजही जाता जाता काढतो. राष्ट्रीय महामार्गावर टोलचा दर ती कंपनी ठरवत नाही. तो २००८ च्या केंद्रीय नियमांनी ठरतो. दरवर्षी ३ टक्के ठरलेली वाढ, शिवाय घाऊक महागाईच्या वाढीच्या ४० टक्के. एक्स्प्रेसवेवर राज्याच्या अधिसूचनेप्रमाणे तीन वर्षांनी सुमारे १८ टक्के. म्हणून एप्रिल २०२३ मध्ये कारचा टोल २७० वरून ३२० झाला. भाडेकरू बदलला तरी दरपत्रक मालकाचंच.

आता तुमच्या धंद्याला थेट लागणारी गोष्ट. सवलती कोणाला मिळतात बघा. २०१५ मध्ये राज्याने १२ नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर कार आणि एसटीला सूट दिली. ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वार्षिक पास आला, तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या, तोही फक्त खासगी कार, जीप, व्हॅनला. मालाचा टेम्पो दोन्हीकडे बाहेर. मुळात २००८ च्या नियमांतच कारला किलोमीटरमागे ६५ पैसे, तर छोट्या मालवाहू गाडीला १ रुपया ५ पैसे आणि दोन आसांच्या ट्रकला २ रुपये २० पैसे असा पायाभूत दर धरलाय. कारवाल्यांची संख्या मोठी, त्यांचा आवाजही मोठा. टेम्पोवाला टोल भरतो, तो मालाच्या भावात चढतो आणि नाक्याचं नावही न ऐकलेल्या गिऱ्हाइकाच्या खिशातून निघतो.

तो भावात नीट चढवलाय का, हे तपासा. समजा तुमच्या टेम्पोला येऊन-जाऊन ३०० रुपये टोल पडतो. दोन टन माल नेलात तर किलोला १५ पैसे. एकच टन नेलात तर ३० पैसे. टोल गाडीला लागतो, मालाला नाही. म्हणून अर्धी गाडी पाठवण्याआधी शेजारच्या युनिटवाल्याला फोन करा. आणि टोलवर जीएसटी नाही, म्हणजे त्याचं क्रेडिटही मिळत नाही. तो सरळ खर्चात धरायचा.

चोवीस तासांत परत येणार असाल तर दोन्ही बाजूंचा मिळून दीडपट टोल लागायला हवा, दुप्पट नाही. फास्टॅगच्या स्टेटमेंटमध्ये तसं कापलंय का ते महिन्यातून एकदा बघा. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी गाडीला स्थानिक मासिक पास मिळतो. नाका ज्या जिल्ह्यात आहे तिथेच नोंदलेल्या मालवाहू गाडीसाठीही नियमात निम्म्या दराची तरतूद आहे, पण ती नॅशनल परमिटच्या गाडीला नाही आणि बाजूने सर्व्हिस रोड किंवा पर्यायी रस्ता असेल तर मिळत नाही. खानिवडे आणि चारोटी दोन्ही पालघर जिल्ह्यातच येतात. तुमची गाडी जुनी, ठाण्याची एमएच-०४ असेल तर ती कुठली धरतात हे आधी विचारा. आरसी बुक, परमिट आणि फास्टॅगचा नंबर घेऊन नाक्याच्या ऑफिसात जा, दरपत्रकाच्या पाटीवरचा जिल्ह्यातल्या गाड्यांचा रकाना दाखवा. नाही म्हणाले तर कारण लेखी मागा.