सही कुणाची?

वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम उभे करणारे जे. सी. कुमारप्पा श्रद्धावान ख्रिस्ती होते, याची आठवण आता वर्ध्यातही क्वचितच निघते. कायदेभंगाला विरोध करणाऱ्या कलकत्त्याच्या बिशपांना त्यांनी 1930 साली जाहीर उत्तर दिले होते. हेच कुमारप्पा 1951 साली भारताच्या सदिच्छा मंडळाबरोबर चीनला गेले आणि नव्या राजवटीचे कौतुक करीत परतले.

त्या वेळी तिथल्या प्रॉटेस्टंट चर्चची घडी बदलत होती. मे 1950 मध्ये पंतप्रधान चौ एन लाय यांनी चर्चच्या काही पुढाऱ्यांशी बोलणी केली. जुलैत वू याओझोंग प्रभृतींचा जाहीरनामा निघाला. परदेशी पैशावर विसंबू नका, आपला कारभार आपण पाहा, धर्मप्रसारही आपणच करा, हे त्याचे सार. यात वावगे काय? आपल्या नारायण वामन टिळकांनी 1917 साली ‘देवाचा दरबार’ मांडला, तो अशाच स्वदेशी ओढीने.

पण पेकिंगच्या वांग मिंगदाव यांची हकीकत पाहा. त्यांचे चर्च मिशनऱ्यांच्या पैशाशिवायच उभे राहिले होते. तरीही सरकारमान्य चळवळीत यायला त्यांनी नकार दिला आणि 1955 साली त्यांना अटक झाली. अखेरची सुटका झाली ती 1980 मध्ये! म्हणजे प्रश्न पैशाचा नव्हताच. सरकारला जगापुढे एका सुरात बोलणारे चर्च हवे होते. सदिच्छा मंडळांच्या पाहुण्यांना यजमान दाखवतील तेवढेच घर दिसते. कुमारप्पांसारखा करारी माणूसही त्याला अपवाद ठरला नाही.

आपणही फार दूर नव्हतो. वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात असताना, 1954 साली त्या सरकारने नेमलेल्या नियोगी समितीने 1956 च्या अहवालात जवळजवळ तोच सल्ला दिला: परकीय मदतीविना एकच स्वतंत्र चर्च स्थापावे. फरक इतकाच, की इथल्या ख्रिस्ती समाजाला त्यावर उघड टीका करता आली. हा फरक लहान नाही.

बँकेत उमेद घालवलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते: खाते कुणाच्या नावावर आहे यापेक्षा सही कुणाची चालते, ते महत्त्वाचे. परदेशी देणग्यांचा हिशेब सरकारने जरूर मागावा. 2010 चा कायदा त्यासाठीच आहे, आणि 2020 साली तो अधिक कडक झाला. मात्र हिशेब तपासणाऱ्याने खातेदाराच्या वतीने सही करू नये. स्वावलंबन टिळकांसारखे आतून उगवले तरच ते स्वावलंबन. वरून लादले, की नुसता मालक बदलतो.