तगरच्या गाडीवाटा

मा. संचालक,
पर्यटन संचालनालय, महाराष्ट्र शासन, यांस



राज्यात पर्यटनाचा विषय निघाला की शासनाची दृष्टी प्रथम पश्चिमेकडे, समुद्राकडे वळते, आणि मुरूडचा जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग अशी जलदुर्गांची मालिका ज्या किनाऱ्यास लाभली आहे, त्याच्याविषयी तसे होणे स्वाभाविकही आहे. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी मार्गाने आता सायकलस्वारांचे तांडे जातात, खाडी आली की सायकली तरीवर चढवतात, आणि परत येऊन त्या वाटेचे वर्णन इतक्या उत्साहाने करतात की ऐकणाऱ्यास घरी बसवत नाही. त्या किनाऱ्याचा मला हेवा नाही. परंतु ज्या जिल्ह्यास समुद्राचे दर्शन कधीच घडत नाही, त्या धाराशिव जिल्ह्याचा एक रहिवासी या नात्याने त्याच किनाऱ्याच्या इतिहासातील एक विसरलेले प्रकरण आपल्या दप्तरी रुजू करावे आणि त्याच्या आधारे एक मागणी मांडावी, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक व्यापाऱ्याने, ज्याचे नाव इतिहासाने राखले नाही, तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या बंदरांपर्यंतच्या जलप्रवासाची एक मार्गदर्शिका लिहून ठेवली; तीत भडोच बंदराच्या हकीकतीत दक्षिणापथातील दोन बाजारपेठांचा उल्लेख येतो, एक पैठण आणि दुसरी पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील तगर. हे तगर म्हणजे आपल्या धाराशिव तालुक्यातील, तेरणेच्या काठावरचे, गोरोबाकाकांचे तेर, असा निर्णय इतिहासाचे अभ्यासक फ्लीट यांनी 1901 साली दिला आणि तो पुढे सर्वमान्य झाला. तगरहून साधे कापड, नाना जातींची मलमल आणि इतर जिन्नस गाड्यांत भरून, रस्ता असा नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून भडोचला जात, असे तो व्यापारी नमूद करतो. म्हणजे ज्या पश्चिम किनाऱ्याच्या वैभवाची आपण आज वर्णने करतो, त्याचा माल या कोरड्या पठारावर गाडीत चढत होता. बंदर हे त्या वाटेचे शेवटचे टोक होते आणि पहिले टोक आमच्याकडे होते.

याची साक्ष पाहावयाची असेल तर तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात एकदा अवश्य यावे. गावच्या पांढरीत, नांगराच्या फाळाखाली आणि पावसाच्या ओहोळात जे सापडे ते लामतुरे यांनी आयुष्यभर जपून ठेवले, आणि त्या संग्रहातूनच हे शासकीय संग्रहालय उभे राहिले. पाँपेईच्या उत्खननात 1938 साली मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची चर्चा करताना विद्वानांना तेर आणि भोकरदन येथील तशाच मूर्तींकडे वळावे लागते, ही गोष्ट आमच्या शाळांतील मुलांनाही पुरेशी ठाऊक नाही. आणि तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातील कवड्यांची माळ? कवडी या पठारावर पिकत नाही. ती पूर्वी मालदीवसारख्या बेटांवरून बंदरी उतरून देशभर जाई. समुद्रापासून इतक्या दूरच्या देवीने समुद्राचेच लेणे आपल्या भक्तांच्या गळ्यात घालावे, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे.

आता मागणीकडे येतो. तेर, धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग हा क्रम मनात धरून या गावांमधील जुन्या गाडीवाटा आणि पाणंदी शोधून काढाव्यात, मोकळ्या कराव्यात, आणि जाड टायरच्या गिअरच्या सायकलीने जाणाऱ्या प्रवाशांसाठी त्यांवर खुणा उभ्या कराव्यात. नवा रस्ता बांधू नये. डांबर, सिमेंट, कमानी यांपैकी काहीही या वाटेस नको आहे. आज हा प्रवास करू इच्छिणाऱ्यास धुळे-सोलापूर महामार्गावरून, मालमोटारींच्या वाऱ्याने हेलकावत जावे लागते, आणि पुढे नळदुर्गापाशी पुणे-हैदराबाद महामार्गाची तीच कथा. वास्तविक त्या दोन्ही रस्त्यांना समांतर असे जुन्या वाटांचे जाळे रानातून, ओढ्यांतून, माळांवरून पसरलेले आहे.

या वाटेची भूमी कशी आहे, हे सांगितल्याखेरीज मागणीस अर्थ येणार नाही. तेरणेचे पाणी मांजरेस मिळून गोदावरीकडे जाते, नळदुर्गच्या बोरीचे पाणी भीमेस मिळून कृष्णेकडे जाते. अर्थात तेरहून निघालेला सायकलस्वार बालाघाटाच्या माथ्यावर कोठेतरी, स्वतःच्या नकळत, एका महानदीचे खोरे सोडून दुसरीच्या खोऱ्यात उतरतो. तेरला त्याने त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ पाहावे, जे मुळात चैत्यगृह होते आणि ज्याच्या पाठीचा अर्धगोल अजून तसाच आहे. धाराशिवच्या लेण्यांपाशी सायकल बाहेर ठेवून पायी जावे. तिथून तुळजापूरपर्यंत मुरमाड माळ लागतो, गवत सोन्याच्या रंगाचे झालेले असते, उस्मानाबादी शेळ्यांचे कळप वाट अडवतात, आणि तुळजापूरशी पठार संपून ज्या ठिकाणी जमीन एकाएकी सोलापूरच्या बाजूस खाली उतरते, तेथे सायकलस्वाराच्या हातांची आणि ब्रेकांची खरी परीक्षा होते.

नळदुर्गात बोरी नदी अडवून दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकिर्दीत जो बंधारा घातला गेला, त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. वरून नदी कोसळत असता आत माणूस कोरडा उभा राहतो. याच किल्ल्यात 1853 नंतर, निजामाने हा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला तेव्हा, मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी कारभारी म्हणून राहिला होता. त्या बंधाऱ्याचे नर आणि मादी नावाचे दोन्ही सांडवे भरून वाहतात ते पावसाळ्यात, आणि दुर्दैव असे की नेमक्या त्याच दिवसांत काळ्या रानातून सायकल एक कासराभरही पुढे जात नाही. चिकण माती चाकास धरते, चौकटीत अडकते, आणि मग सायकल खांद्यावर घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून या वाटेचा हंगाम दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा समजावा. त्या हंगामातही सराटे आणि बाभळीचे काटे कोणाची गय करीत नाहीत. प्रत्येक मोठ्या गावच्या एस.टी. स्थानकापाशी पंक्चरवाला असतो, तो या योजनेचा पहिला आणि सर्वांत विश्वासू लाभार्थी ठरेल.

कायद्याची अडचण नाही, अंमलबजावणीची आहे. गावनकाशावर गाडीवाट तुटक दुहेरी रेषेने आणि पायवाट तुटक एकेरी रेषेने दाखवलेली असते. पहिलीची रुंदी 16.5 ते 21 फूट, दुसरीची 8.25 फूट. सायकलीस हातभर जागा पुरते. परंतु नकाशावरील पाणंद प्रत्यक्षात दोन्ही बांधांनी गिळलेली असते, आणि ती मोकळी करण्यासाठी शेतकऱ्याने तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 अन्वये अर्ज केला, तर निकाल लागेपर्यंत त्याचा ऊस एक-दोनदा वाळून जातो. 2021 च्या मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेत शेत व पाणंद रस्त्यांसाठी शासनाने तजवीज केली आहे. जी वाट शेतकऱ्यास बैलगाडीसाठी आणि ऊस बाहेर काढण्यासाठी हवी आहे, तीच सायकलस्वारास फिरण्यासाठी हवी आहे. दोघांचे अर्ज एकाच टेबलावर आले तर कदाचित दोघांचीही दखल घेतली जाईल, असा माझा भाबडा हिशेब आहे. ज्याच्या बांधावरून वाट जाते त्याची संमती मात्र आधी घ्यावी; पाहुण्यांच्या सोयीसाठी कुळाची तूर तुडवली गेली, तर ही योजना पहिल्याच हंगामात बंद पडावी, असे मी स्वतः लिहून देईन.

आणखी एक सूचना. बार्शी लाइट रेल्वेची जी अरुंद रुळांची आगगाडी 1897 पासून या भागात धावू लागली आणि पुढे लातूरपर्यंत गेली, ती रुंदीकरणानंतर इतिहासजमा झाली. तिचा मार्ग जेथे जेथे सोडून देण्यात आला असेल, तेथील भराव आणि चढ सायकलीस अत्यंत अनुकूल असतात. रेल्वे खात्याशी पत्रव्यवहार करून असे तुकडे मागून पाहावेत. येडशी-रामलिंगच्या अभयारण्यात मात्र कोणत्याही कारणाने नवी वाट पाडू नये. तेथील झाडीस आणि पाखरांस आमच्या करमणुकीची गरज नाही.

परंड्याचा भुईकोट, भूमकडील कुंथलगिरी, येरमाळ्याची येडेश्वरी ही स्थळे मी मुद्दाम बाजूस ठेवली आहेत. एकाच कागदावर सारा जिल्हा मांडला की त्यातून फलक तेवढे उभे राहतात, हा अनुभव सर्वांचाच आहे.

तेव्हा विनंती एवढीच की, जिल्हाधिकारी, भूमी अभिलेख, वन आणि पुरातत्त्व या चार कार्यालयांची एक संयुक्त बैठक आपण धाराशिवला बोलवावी, तीत धाराशिव आणि तुळजापूर या दोनच तालुक्यांचे गावनकाशे समोर ठेवावेत, आणि पहिल्या टप्प्यात तेर ते धाराशिव एवढाच भाग हाती घ्यावा. बैठकीची तारीख कळविल्यास, वाटा ठाऊक असलेले मेंढपाळ आणि जुने गाडीवान यांना घेऊन येण्याची जबाबदारी मी पत्करतो.

आपला,
तुळजापूर तालुक्यातील एक सायकलस्वार